इतिवृत्त नसलेली बैठक

‘थापरसाहेबांनी कागद मागितला न, तिथंच आपण अर्धी लढाई हरलो,’ सुभेदार म्हणाले.

‘उलटं सांगून राहिले तुम्ही. कागद मागायची पाळी सेनाप्रमुखावर आली, तिथं हरलो,’ त्यांचे व्याही म्हणाले.

प्रताप नगरात दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या या दोघांना पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास गोंधळतो. सुभेदार फौजेतले, कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरूट घडवून निवृत्त झालेले. व्याही महसूल खात्यातले. अव्वल कारकून म्हणून लागले आणि उपजिल्हाधिकारी होऊन बाहेर पडले. कुणालाही वाटेल, फौजी माणूस पुढाऱ्यांना शिव्या घालेल आणि सरकारी माणूस सरकारला सावरून घेईल. इथं नेमकं उफराटं. सुभेदार जनरलांना सोडत नाहीत आणि उपजिल्हाधिकारी मंत्र्यांना. ज्यांच्या हाताखाली आयुष्य काढलं त्यांच्यावरच राग जास्त, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो.

26 जानेवारीची दुपार होती. सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजक्या दिवशी लोकांना खुला असतो, त्यांतला हा एक. नातवाला किल्ला दाखवून दोघे परतले आणि ओसरीवर बसल्या बसल्या विषय 1817 वरून 1962 वर घसरला. मी शेजारी, असल्या वेळी मला पंच म्हणून बोलावतात आणि माझा निकाल कुणीच मानत नाही.

‘तारीख ऐका,’ उपजिल्हाधिकाऱ्यांनी सुरुवात केली. ‘22 सप्टेंबर 1962. थागला कड्याखाली चिनी येऊन बसलेत. पंतप्रधान नेहरू परदेशात, राष्ट्रकुलाच्या परिषदेच्या दौऱ्यावर. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांत. दिल्लीतल्या बैठकीला अध्यक्ष कोण, तर कनिष्ठ मंत्री रघुरामय्या. सेनाप्रमुख थापर सांगतात की इथं हात घातला तर चिनी लडाखमध्ये उत्तर देतील. त्यांना उत्तर मिळतं, निर्णय झालेला आहे. तेव्हा ते म्हणतात, मग लेखी द्या. आणि ते लेखी कुणाच्या सहीनं येतं? संयुक्त सचिव सरीन! चीनला हुसकून लावायचा हुकूम, आणि खाली सही संयुक्त सचिवाची. अहो, मी वाळूघाटाच्या लिलावाची फाइलसुद्धा त्याहून वरच्या सहीशिवाय हलवली नसती.’

‘हेच तर मी म्हणतो!’ सुभेदार पुढं सरकले. ‘ज्याला माहीत आहे की हे काम होणार नाही, तो कागद मागतो. होणार असतं तर कशाला मागेल? कागद म्हणजे स्वतःच्या बचावाची सोय. खाली नामका चू नदीत जवान सुती कपड्यांत उभा, एकेकाकडे पन्नास गोळ्या, विमानातून त्सांगधरला टाकलेलं सामान दरीत गडगडत जाऊन राहिलं. चिनी वर, आपण खाली. कोणत्याही लान्सनायकाला विचारा, अशी मोर्चाबंदी करतात का म्हणून. थापरसाहेबांनी त्या बैठकीत टोपी काढून टेबलावर ठेवायला पाहिजे होती. हे होत नाही, दुसरा सेनाप्रमुख शोधा.’

‘टोपी ठेवून पाहिली होती एकानं.’

‘थिमय्या म्हणता न तुम्ही?’

‘थिमय्याच. ऑगस्ट 1959. मेनन यांच्याशी जमेना म्हणून राजीनामा दिला. नेहरूंनी बोलावून समजूत काढली, त्यांनी मागे घेतला. मग 2 सप्टेंबरला नेहरूंनी लोकसभेत काय केलं, तर त्या राजीनाम्यावरून त्यांनाच चार शब्द सुनावले. हे सगळ्या सैन्यानं पाहिलं. थापर तेव्हा काही लहान नव्हते. कुणी नाही म्हटलं की त्याचं काय होतं, हा धडा मंत्र्यांनी जनरलांना तीन वर्षं आधीच देऊन ठेवला होता. मग 1962 मध्ये कुणी नाही म्हटलं नाही, याचं खापर एकट्या जनरलांवर कसं फोडता?’

सुभेदार थोडे थांबले. त्यांच्या या थांबण्यावर भरवसा ठेवायचा नसतो. ते माघार घेत नाहीत, जागा बदलतात.

‘एकानं म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘उमरावसिंग. 33 कोअरचे. त्यांनी हिशेब मांडून दिला होता की एवढा दाणागोटा, एवढ्या तोफा, एवढे दिवस लागतील, त्याशिवाय जमणार नाही. जनरल असा पाहिजे.’

‘आणि पुढं काय झालं त्यांचं?’

‘नेफा काढून घेतला त्यांच्याकडून. नवी 4 कोअर उभी केली आणि कौलसाहेबांना दिली.’

‘कौल कुणाचे आवडते होते, ते तुम्हीच सांगा.’

सुभेदारांनी ते सांगितलं नाही. लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांनी युद्धात मोठी तुकडी कधी हाताळली नव्हती आणि नेहरू-मेनन यांच्याशी त्यांची जवळीक होती, हे दोन्ही व्याह्यांना तोंडपाठ आहे. लढाई ऐन तोंडावर आली तेव्हा कौल आजारी पडून दिल्लीला आले आणि घरातल्या बिछान्यावरून कोअर चालवू लागले, हेही. सुभेदारांना तो बिछाना सहन होत नाही. ‘माझ्या कंपनीत कुणी असं केलं असतं तर,’ असं म्हणून ते पुढचं वाक्य गिळतात, कारण सून-मुलगी आतबाहेर करत असते. तिच्या नात्यानंच हे दोघे व्याही झाले. ती सुभेदारांची मुलगी आणि उपजिल्हाधिकाऱ्यांची सून.

माझं मत विचाराल तर इथपर्यंत दोघेही अर्धे बरोबर होते, आणि असं अर्धं अर्धं बरोबर असणंच या विषयाचं खरं दुखणं आहे. सैन्याच्या चुका सैन्याच्या पदरात, राज्यकर्त्यांच्या राज्यकर्त्यांच्या, अशी सरळ वाटणी करायला गेलं की नामका चूच्या काठावर ती मोडते. नदीच्या तळाशी ब्रिगेड बसवणं ही सैनिकी चूक खरी. पण ब्रिगेडियर जॉन दळवी तिथं हौसेनं गेले नव्हते. नोव्हेंबर 1961 मध्ये पुढे पुढे चौक्या टाकायचं धोरण ठरलं, चिनी त्यावर बळ वापरणार नाहीत असं गुप्तवार्ता विभागाच्या मलिकांनी सांगितलं, ते सगळ्यांना ऐकायला गोड वाटलं. मग 12 ऑक्टोबर 1962 ला कोलंबोला निघताना नेहरू पालम विमानतळावर पत्रकारांशी बोलले: आपली भूमी मोकळी करायला सैन्याला सांगितलं आहे. त्याच्या दोनच दिवस आधी त्सेंगजाँगला चिन्यांनी आपल्या तुकडीला जोरदार तडाखा दिला होता आणि ते दिल्लीला कळलं होतं. एवढं जाहीर बोलून झाल्यावर ब्रिगेड मागे घ्यायचा सल्ला कोण देणार? 20 ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. 22 तारखेला दळवी चिन्यांचे कैदी होते. 21 नोव्हेंबरला चीननं आपणहून युद्धबंदी केली तोवर सरकारी आकड्यांप्रमाणे 1383 जवान मारले गेले होते आणि चार हजारांच्या घरात कैद झाले होते.

‘मी तुम्हाला खरी गोष्ट सांगू का?’ उपजिल्हाधिकारी म्हणाले. आता ते त्यांच्या हक्काच्या जागेवर आले होते. ‘मेनन यांनी एक आज्ञा दिली होती. आपल्या दालनातल्या बैठका अतिगोपनीय आहेत, तेव्हा त्यांचं इतिवृत्त ठेवायचं नाही. या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा जो अहवाल, त्यातला जो भाग 2014 मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेलनं बाहेर काढला, त्यात हे आहे. अहवाल लिहिणारे दोघेही सैनिक, भगत तर व्हिक्टोरिया क्रॉसवाले. पण त्यांनी जे लिहिलंय ते एखाद्या मुरलेल्या शिरस्तेदारानं लिहावं तसं आहे: इतिवृत्त नसल्यामुळे कोणत्याच मोठ्या निर्णयाची जबाबदारी कुणावरच राहिली नाही. आणि त्यामुळे विचार न करता निर्णय घेतले गेले. सुभेदारसाहेब, मला युद्धातलं कळत नाही. इतिवृत्त न ठेवणारा माणूस मात्र मी दुरून ओळखतो.’

‘गुपित बाहेर जाऊ नये म्हणून नसेल ठेवलं.’

‘गुपिताचंही इतिवृत्त असतं. लाल पाकिटात असतं. साधं सांगतो, 11 ऑक्टोबरच्या रात्री पंतप्रधानांच्या घरी बैठक झाली. कौल नुकतेच सीमेवरून आलेले. तिथं माघार घ्या असं कोण म्हणालं, जागा धरून ठेवा असं कोण म्हणालं? कौलांनी 1967 मध्ये पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. दळवींनी 1969 मध्ये खालून काय दिसलं ते लिहिलं. मलिकांनी 1971 मध्ये आपलं लिहिलं. एका बैठकीचं दोन पानी टिपण नसल्यामुळे देशाला एवढी जाडजूड पुस्तकं वाचावी लागली!’

सुभेदार हसले. पण लगेच म्हणाले, ‘म्हणजे तुमचं म्हणणं, टिपण असतं तर आपण जिंकलो असतो?’

‘नाही. पण कोण हरलं ते कळलं असतं.’

चहा आला. सुभेदारांनी बशीत ओतला, दोन घोट घेतले आणि सकाळच्या किल्ल्याकडे वळले. त्यांना तिथं मारा करायचा होता.

‘बरं, नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले, त्यांचं काय म्हणता? ते तर तुमच्याच पठडीतले निघाले. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी लढाई पेटली. टेकड्यांवर इंग्रजांची माणसं दीड हजाराच्या आतबाहेर, भोसल्यांची त्याच्या दहापट. सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली, तोफ फिरवली, जिंकत आले होते. मग दारूगोळा उडाला, घोडदळ अंगावर आलं, दुपारपर्यंत सगळं हातचं गेलं. यात राजाची काय चूक? टेकडी घ्यायची फौजेनं, राखायची फौजेनं.’

‘टेकडी गेली ती फौजेची चूक, मान्य. पण 27 तारखेलाच राजानं इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सला काय निरोप धाडला, ते विसरता तुम्ही. हल्ला माझ्या हुकमाशिवाय झाला, म्हणे! रेसिडेंटाचा सल्ला डावलून आदल्याच दिवसांत पेशव्याची वस्त्रं भर दरबारात स्वीकारली, अरबांची जमवाजमव केली, आणि हरल्यावर म्हणतो, मी सांगितलंच नव्हतं. जिंकले असते तर म्हणाले असते का असं?’

‘हरलेल्या राजानं दुसरं काय करावं? शहर तर वाचवायचं असतं न.’

‘वाचवावं की. तह करावा, खंडणी द्यावी, स्वतःला बांधून घ्यावं. पण जी माणसं टेकडीवर मेली, त्यांना बंडखोर ठरवून तह करायचा? पुढं डिसेंबरात डव्हटनची इंग्रज फौज आली, आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत जाऊन बसले आणि तोफा द्यायला फौज तयार होईना. 16 डिसेंबरला लढाई झाली ती राजाशिवाय. अरब तर डिसेंबरअखेरपर्यंत शहरात ठाण मांडून होते. कुणाच्या हुकमानं? कुणाच्याच नाही. राजानं आपला हुकूम नाकारला की फौजेला पुढचा हुकूम कोण देणार?’

यावर सुभेदार काही बोलले नाहीत. मला वाटतं, हा घाव त्यांना लागला. सैन्यात माणूस मरायला तयार होतो तो हुकूम कुणाचा तरी आहे या भरवशावर. तो हुकूम देणारा नंतर ‘तो मी नव्हेच’ म्हणाला तर मेलेल्याच्या वाट्याला काय उरतं? आप्पासाहेबांना पुढं पकडून अलाहाबादेकडे नेत असताना ते निसटले, रानोमाळ फिरले, शेवट जोधपूरला झाला. विदर्भात त्यांच्या वनवासाच्या कथा आदरानं सांगतात. 27 नोव्हेंबरच्या निरोपाची कथा सहसा कुणी सांगत नाही.

मग ज्या नावाला दोघेही आजवर वळसा घालत होते ते नाव निघालं. काढलं सुनेनं. ती कपबशा उचलायला आली होती. ‘मामाजी, तुमचे मेनन गेले न शेवटी? मग यशवंतराव आले. त्यांनी काहून नाही काढलं सगळं बाहेर?’

मराठी घरात हा प्रश्न जरा जपूनच विचारला जातो. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपल्याकडे शाळेपासून ठसवलेलं. आणि ते खोटंही नाही. मेनन यांनी 31 ऑक्टोबरला संरक्षण खातं सोडलं, आठवड्यानं मंत्रिमंडळही. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण 21 नोव्हेंबरला संरक्षणमंत्री झाले, म्हणजे चीननं युद्ध थांबवलं त्याच दिवशी. खचलेलं सैन्य त्यांनी उभं केलं. जनरलांशी सरळ वागले, नेमणुकांत लुडबुड केली नाही. आपल्या अंबाझरीचा आणि भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना ही त्या पराभवानंतरचीच बांधणी.

‘सांगतो,’ उपजिल्हाधिकारी सुनेला म्हणाले. ‘ऑगस्ट 1963 मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. स्वातंत्र्यानंतरचा पहिला. बाजूनं 62, विरोधात 347. आपल्या नागपूरचे खासदार तेव्हा लोकनायक बापूजी अणे. ठराव पडला, आणि दहा-अकरा दिवसांनी, 2 सप्टेंबरला, चव्हाणसाहेब लोकसभेत उभे राहिले. अहवाल पटलावर ठेवणार नाही, म्हणाले. सुरक्षितता आणि सैन्याचं मनोधैर्य. सारांश तेवढा सांगितला. चौकशीचे मुद्दे पाच: प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमाची रचना, जवानांची शारीरिक क्षमता, आणि अधिकाऱ्यांची कुवत. आता यात मंत्री कुठं आहे दाखव.’

तिनं मनात मोजलं असावं. ‘नाही दिसत. पण मुद्दे ठरवतं कोण?’

‘ज्याची चौकशी व्हायला पाहिजे, तो.’

‘व्याहीबुवा, चव्हाणसाहेबांवर येऊ नका,’ सुभेदारांचा आवाज चढला. ‘1963 मध्ये सीमेवरच्या पोराला बूट पाहिजे होते, रायफल पाहिजे होती. दिल्लीत कोण कुणाला काय म्हणालं याची भानगड त्याला नको होती. तेव्हा सगळं चव्हाट्यावर मांडलं असतं तर जनरल विरुद्ध मंत्री अशी वर्षभर झोंबाझोंबी चालली असती आणि दोन वर्षांनी पाकिस्तानसमोर आपण तसेच उभे राहिलो असतो. झाकलं म्हणून सावरलं. माझा त्या माणसाला सॅल्यूट आहे.’

‘माझाही आहे. पण त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी लिहून ठेवलंय की चौकशी चालू असताना चव्हाणांना धाकधूक होती, समितीनं पंतप्रधानांवर किंवा संरक्षणमंत्र्यांवर ठपका ठेवला तर काय. सरकार सावरायचं आणि सैन्याचं धैर्यही, ही दोन ओझी एकाच वेळी होती. तुम्ही त्यातलं दुसरंच पाहता.’

‘कारण तेच खरं होतं.’

‘दोन्ही खरी होती.’

सुभेदारांच्या युक्तिवादात दम आहे, हे मला कबूल करावंच लागतं. पण युद्धाच्या धामधुमीत चौकशी करता येत नाही, हे काही मला पटत नाही. गॅलिपोलीची मोहीम फसली तेव्हा ब्रिटननं 1916 मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, चौकशी आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी पहिला अहवाल काटछाट करून का होईना छापला. त्या मोहिमेचा आग्रह धरणारे चर्चिल मे 1915 मध्येच नौदल खात्यावरून गेले होते; नंतर फ्रान्समध्ये एका पलटणीचं नेतृत्व करत खंदकांत राहिले. हे ऐकवलं तेव्हा सुभेदार खूश झाले. ‘असा मंत्री दाखवा आपल्याकडे,’ म्हणाले. उपजिल्हाधिकाऱ्यांचं उदाहरण वेगळं: 1973 च्या युद्धानंतर इस्रायलच्या आग्रानात आयोगानं ठपका सेनाप्रमुख एलाझार यांच्यासह लष्करी अधिकाऱ्यांवर ठेवला, पंतप्रधान गोल्डा मेयर आणि संरक्षणमंत्री दायान यांना मोकळं सोडलं. लोकांनी ते मानलं नाही. अंतरिम अहवाल आल्यावर दहा दिवसांत गोल्डाबाईंना राजीनामा द्यावा लागला. ‘आमच्या पाच मुद्द्यांसारखेच त्यांचेही मुद्दे,’ ते म्हणाले, ‘फरक एवढाच की तिथं कागद लोकांच्या हातात पडला.’

‘बरं, मला एक सांगा,’ सुभेदार म्हणाले. ‘1 सप्टेंबर 1965. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. सेनाप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग चव्हाणसाहेबांकडे गेले. विमानं वापरायची का? 1962 मध्ये ज्या प्रश्नावर सगळे घाबरले, त्याला या माणसानं मंत्रिमंडळाची वाट न बघता, काही मिनिटांत होय म्हटलं. संध्याकाळी जुनी व्हॅम्पायर गेली, त्यातली चार पडली. तुमच्या हिशेबानं ही चूक कुणाची?’

‘कोणतं विमान पाठवायचं हे हवाई दलानं ठरवलं. पाठवायचं हे चव्हाणांनी ठरवलं, आणि ते त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या रोजनिशीवरून प्रधानांनी पुस्तक काढलं, त्यात आहे. चार विमानं पडली म्हणून मी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही. निर्णय चुकू शकतो हो. निर्णयाला धनी होता, तेवढं मला पुरे.’

‘मग ज्या माणसाला स्वतःच्या नावावर निर्णय घेता येत होता, त्यानं दुसऱ्यांचे निर्णय झाकले, असं म्हणून राहिले तुम्ही.’

‘असंच म्हणून राहिलो. आणि त्यांनी दोन वर्षांसाठी झाकलं असतं तर मी तक्रार केली नसती. 1971 जिंकल्यावर उघडायचं. 25 वर्षांनी दस्तऐवज अभिलेखागारात द्यायचा नियम आहे, तेव्हा उघडायचं. 2010 मध्ये संरक्षणमंत्री अँटनी म्हणाले, आजही संवेदनशील. 2014 मध्ये जेटलींनी विरोधात असताना विचारलं, कागद कुठं आहे. संरक्षणमंत्री झाल्यावर काही महिन्यांत म्हणाले, देशहिताचं नाही. सरकारं बदलली, कुलूप तेच.’

‘आमच्या अधिकाऱ्यांना आपलाच पराभव परक्या पत्रकाराच्या पुस्तकातून शिकावा लागतो, याची मलाही लाज वाटते,’ सुभेदार म्हणाले. त्या दिवसात प्रथमच त्यांनी जागा बदलली नाही, नुसतं बोलले. ‘उघडा म्हणतो मीही. मला फक्त एकच पान वाचायचंय. 22 सप्टेंबरला त्या खोलीत वर्दीतला कुणी स्पष्ट नाही म्हणाला होता का? म्हणाला असेल तर मी थापरसाहेबांविषयी बोलायचं बंद करीन.’

‘ते पान नाही मिळायचं. हेंडरसन ब्रुक्सना सांगितलं होतं की लष्कर मुख्यालयाचं कामकाज तपासायचं नाही. त्या खोलीच्या दारापर्यंतच त्यांना जाऊ दिलं.’

‘कुणी सांगितलं? मेनन तर गेले होते तेव्हा.’

‘मेनन नाही. नवे सेनाप्रमुख, जनरल चौधरी. वर्दीतलेच.’

सुभेदारांनी व्याह्यांकडे पाहिलं. ‘म्हणजे बघा,’ ते म्हणाले, ‘माझंही चुकलं नव्हतं.’

‘तुमचं चुकलं असं मी कधी म्हटलं? एकट्यांचंच आहे असं म्हणू नका, एवढंच सांगून राहिलो तीन वाजल्यापासून.’